आमच्या कोपऱ्यावरचा कचरा आणि ट्रान्सफर स्टेशनची जागा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज रविवार आहे, मुलं आजीकडं गेलीत, तर बसलेच.

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहते आणि एका आर्किटेक्टकडं ड्राफ्टिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर ऑटोकॅडमध्ये दुसऱ्यांची घरं, गोडाऊनं, पार्किंगं काढत बसते. कचरा हा काही माझा विषय नव्हता. विषय झाला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यामुळं. रोज सकाळी साडेसहाच्या आसपास तिथं मोठी कॉम्पॅक्टरची, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी येऊन थांबते, मागचा जबडा उघडते आणि मग चारी बाजूनी एकेक घंटागाडी येते, पाठ लावते, आपलं पोट रिकामं करते आणि परत जाते. हे साडेनऊपर्यंत चालतं. रिकामं करताना निम्मा कचरा जबड्यात जातो, थोडा खाली सांडतो, तो फावड्यानं परत वर टाकायचा, आणि गाडीनं दाबलं की खालून काळं पाणी गळतं ते उतारानं सरळ गटारीकडं. पावसाळ्यात ते पाणी आमच्या गेटसमोरून जातं. कुत्री, गाई, बगळे, सगळी हजेरी लावतात. शाळेच्या रिक्षा तिथूनच जातात आणि पोरं नाकाला रुमाल लावून बसतात हे मी रोज गॅलरीतनं बघते.

तर या कोपऱ्यावरनं मंडळाच्या खोलीत मीटिंग झाली. अर्ज आधीच तयार होता, "सदर ठिकाणी कचरा गाड्या उभ्या करण्यास आमची हरकत असून त्या तात्काळ हलवाव्यात", खाली साठेक सह्या, त्यात माझी पण. सगळे तावातावानं बोलत होते आणि खरं सांगायचं तर कुणाचंच चुकत नव्हतं. आमच्या शेजारचे काका पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत, ते सगळ्यात शेवटी म्हणाले, "हलवा म्हणून लिहिलंय ते ठीक हाय, पण कुठं हलवा ते लिहिलंच नाही की रं." यावर एकजण म्हणाला ते त्यांनी बघावं, आपलं काम नाही. काका म्हणाले, "मग ते दुसऱ्या गल्लीच्या तोंडाला नेऊन लावतील, आणि तिथली माणसं आपल्यासारखाच अर्ज करतील."

मला ते लागलं. घरी आले आणि झोपच लागेना.

कारण आमच्या कोपऱ्यावर जे चालतं तेच ट्रान्सफर स्टेशनचं काम आहे, फक्त छप्पर नाही, फरशी नाही, पाणी धरायला खड्डा नाही आणि जागा म्हणजे पब्लिकचा रस्ता. छोट्या गाडीतनं मोठ्या गाडीत कचरा बदलायचा, बस एवढंच ते असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत त्याची व्याख्या पण दिली होती, साध्या भाषेत सांगायचं तर गल्लीबोळातनं गोळा झालेला कचरा घ्यायचा आणि झाकलेल्या मोठ्या गाडीतनं किंवा कंटेनरमधनं एकदम प्रक्रियेच्या नाहीतर विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवायचा, त्यासाठीची जागा. तिथं कचरा साठवायचा नाही, पुरायचा नाही, जाळायचा तर नाहीच नाही. सकाळी आला की त्याच दिवशी बाहेर, आणि संध्याकाळी फरशी धुवून कोरडी.

पण आपल्याकडं ट्रान्सफर स्टेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डेपो येतो. डोंगरासारखा ढीग, उन्हाळ्यातला धूर, घारी. मीटिंगमध्येही तेच झालं, मी शब्द काढला तर एक वहिनी म्हणाल्या "म्हणजे इथं डेपो आणायचा का?" मला त्यांचा राग नाही आला, ज्यानं डेपोच्या शेजारी एक उन्हाळा काढलाय त्याला विचारा. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी डोक्यात पक्कं झालं पाहिजे, नाहीतर जागेची चर्चाच पुढं जात नाही. लोक २०१६ च्या नियमातली अंतरं सांगतात ना, नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, हायवे, वस्ती, पाण्याच्या विहिरी यांच्यापासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर, ती सगळी लँडफिलसाठी होती, म्हणजे जिथं कचरा कायमचा पुरायचा तिथं. ट्रान्सफर स्टेशन एवढं लांब नेलं तर त्याचा उपयोगच संपतो, कारण घंटागाडीला ते जवळ पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, सांगलीला ते लागतं का? हा प्रश्न मी स्वतःलाच खूपदा विचारला. केंद्र सरकारच्या घनकचऱ्याच्या मॅन्युअलमध्ये साधारण असं धरतात की प्रक्रियेची जागा १५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर ट्रान्सफर स्टेशन परवडतं. आपल्याकडं सांगलीसाठी समडोळी रस्त्याचा डेपो आणि मिरजेसाठी बेडग रस्त्याचा, दोन्ही एवढे लांब नाहीत. म्हणजे नुसत्या किलोमीटरवर बघितलं तर उत्तर नाही असंच येईल.

पण सांगलीत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालतच नाही, मध्ये कृष्णा आहे. समडोळीकडं जायचं तर नदी ओलांडावी लागते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी, ४५ फुटाला धोका पातळी, हे आकडे सांगलीतल्या पोरासोरांना पाठ आहेत, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत परत ५४ च्या वर. त्याआधी २००५. म्हणजे पुराच्या दिवसात शहर इकडं आणि कचऱ्याची वाट पाण्याखाली. तेव्हा कचरा काय थांबतो का?

माझं माहेर गावभागातलं. २०१९ ला पाणी ओसरल्यावर आम्ही घर उघडायला गेलो तेव्हा जे बघितलं ते मी अजून नीट कुणाला सांगितलं नाही. दारातनं आत पाय टाकला की घोट्याएवढा चिखल, भिजलेल्या ज्वारीला आंबल्याचा वास, कपाट आडवं पडलेलं. आजीची कापसाची गादी चौघांना उचलेना, पाणी पिऊन ती दगड झाली होती, ओढत ओढत बाहेर आणली. बाबांच्या फायली, आमची शाळेची सर्टिफिकेटं, लग्नाचे अल्बम, सगळं दारात ढीग. समोरच्यांचा ढीग, शेजारच्यांचा ढीग, गल्लीत चालायला वाट नाही. बाहेरच्या शहरांतनं माणसं आणि गाड्या मदतीला आल्या, त्यांनी अक्षरशः रात्रंदिवस काम केलं, मी बघितलंय. पण तो ढीग दारातनं उचलून तात्पुरता ठेवायला शहरात कोरडी, उंचावरची, ठरलेली जागा पाहिजे की नको? आई पाचव्या दिवशी म्हणाली, "घर धुतलं गं, पण दारात गादी बघितली की परत रडू येतंय." मला ट्रान्सफर स्टेशन पाहिजे वाटतं ते डिझेल वाचवायला नाही, त्या वाक्यासाठी. उंचावर, पुराच्या रेषेच्या वर, एरवी कचरा त्याच दिवशी बाहेर, पण चार दिवस रस्ता बंद पडला तर शहराचा ओला कचरा बंद कंटेनरमध्ये धरता येईल अशी एक जागा आधीच ठरलेली असली पाहिजे.

असो. मग आम्ही ठरवलं की अर्ज द्यायचा पण त्याला जोडून जागेचा अभ्यास द्यायचा. आम्ही म्हणजे काका, मी आणि मंडळातला एक पोरगा जो इंजिनिअरिंगला आहे.

पहिलं काम मोजणी. तीन दिवस मी सहा वाजता वही घेऊन कोपऱ्यावर उभी राहिले. एका सकाळी १४ घंटागाड्या आल्या, काही दोनदा. एक गाडी रिकामी व्हायला चार-पाच मिनिटं, पण मागं रांग लागली की वीस मिनिटं सहज. आणि कॉम्पॅक्टर भरून डेपोकडं गेला की बाकीच्या गाड्या भरलेल्या अवस्थेत तशाच उभ्या, तो परत येईपर्यंत. म्हणजे त्यांची दुसरी फेरी उशिरा होते, गल्लीत गाडी पोचते तेव्हा लोक कामाला गेलेले असतात, मग ते दुसऱ्या दिवशी जाताजाता पिशवी स्कूटरवरनं खाली सोडतात, कुठं, तर याच कोपऱ्यावर. आम्ही वर्षभर ज्याला लोकांची घाणेरडी सवय म्हणत होतो त्यातली निम्मी तरी त्या रांगेतनं येते. हे वहीत लिहिल्याशिवाय मला दिसलं नव्हतं.

तिथंच एका घंटागाडीवरच्या मावशी ओळखीच्या झाल्या. हातात एक ग्लोव्ह, दुसरा फाटला म्हणून नुसता कापड गुंडाळलेलं. गाडी रांगेत थांबली की त्या मागं चढून पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या काढून पोत्यात भरतात. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला तर घेतला नाही. म्हणाल्या, "नको बाई, दुपारी बारापर्यंत कुठं जायची सोय नसती, पाणीसुद्धा बेतानं पिते मी." मी घरी येऊन वहीत ते पण लिहिलं, गाड्यांच्या आकड्यांखाली.

मग जागा. आम्ही स्कूटरवरनं चार रविवार फिरलो.

पहिली जागा सगळ्यांच्या तोंडात होती, "तो मोकळा प्लॉट पडलाय की एवढा मोठा". खरंच मोठा, रस्त्याला लागून, कुंपणसुद्धा आहे. काकांनी गाडी लावली आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीकडं नुसतं बोट केलं. भिंतीवर चॉकलेटी रेष होती, वर रंग वेगळा, खाली वेगळा. काका सहा फूट आहेत, हात वर केला तरी रेष त्यांच्या बोटांच्या वर. "मोकळा का पडलाय कळलं का आता?" सांगलीत हे असंच आहे बघा. शहराच्या मध्यात एवढी मोठी जागा मोकळी दिसली तर आधी विचारायचं की पाणी कुठवर येतं, कारण चांगली जागा असती तर तिच्यावर केव्हाच अपार्टमेंट झाली असती. आणि कागदावर जागा शोधणारा माणूस मोकळ्या जागाच शोधतो. म्हणून मी म्हणते आधी निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर टाका, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या, आणि लाल रेषेच्या आतल्या जागा यादीतनंच काढून टाका, मग त्या कितीही फुकट मिळू देत. कचऱ्याचं स्टेशन पाण्यात गेलं तर तो कचरा घराघरात जाणार आहे.

दुसरी जागा एका वस्तीला चिकटून. उंचावर आहे, रस्ता पण बरा. ही जागा सुचवताना मीटिंगमध्ये एकजण म्हणाला होता, "तिथं कोण विरोध करणार नाही." आम्ही गेलो तेव्हा तिथल्या बायका नळावर होत्या, बारकी पोरं त्याच मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत होती, त्यांना खेळायला दुसरी जागा नाही. भिंतीपासून पहिलं घर मी पावलांनी मोजलं, अकरा पावलं. कोण विरोध करणार नाही हे जागा निवडायचं कारण असूच शकत नाही, हे मी तिथंच म्हटलं आणि वहीत काट मारली. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. ज्यांच्या घरी आठवड्यातनं एक पिशवी कचरा निघतो त्यांच्या दारात सगळ्या शहराचा कचरा नेऊन ठेवायचा, का, तर त्यांना अर्ज लिहिता येत नाही म्हणून.

तिसरी कुपवाड एमआयडीसीची बाजू. जागा म्हणून उत्तम. उंच, रस्ते रुंद, ट्रकची ये-जा आधीचीच, रात्री वस्ती कमी. पण मी नकाशावर रेघा मारल्या तर गावभाग, खणभाग, मारुती रोड, मार्केट या सगळ्याचा कचरा आधी पूर्वेकडं कुपवाडला न्यायचा आणि मग तिथनं परत सगळं शहर ओलांडून पश्चिमेला नदीपलीकडं न्यायचा, हे उलटंच झालं. स्टेशन नेहमी कचरा जिथं गोळा होतो आणि जिथं जायचाय त्याच्या मधल्या वाटेवर पाहिजे. कुपवाड आणि मिरजेच्या कचऱ्यासाठी मात्र ती बाजू चालेल, तिकडनं बेडग रस्त्याला जाता येतं. त्यामुळं माझं मत असं झालं की आपल्याला एक मोठं स्टेशन नकोच, दोन छोटी पाहिजेत. तीन गावांची मिळून महापालिका १९९८ साली झाली, पण कचऱ्याच्या वाटा अजून दोनच आहेत, एक समडोळीकडं, एक बेडगकडं.

आणि खरी अडचण हीच की समडोळीच्या वाटेवर, म्हणजे शहर आणि नदी यांच्या मध्ये, जेवढं नदीकडं जावं तेवढी जमीन पुरात. म्हणून नदीकडं जाताना पुराच्या रेषेच्या अलीकडं थांबायचं, शेवटची कोरडी जागा शोधायची. हे काकांचं वाक्य, "शेवटची कोरडी जागा." आम्ही तीच शोधत होतो असं नंतर कळलं.

चौथी जागा तशी सापडली. नेमकी कुठं ते लिहीत नाही, कारण अजून कुणाशी बोलणं झालेलं नाही आणि उगाच शेजाऱ्यांत घबराट नको. गोडाऊनच्या मागं साधारण अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे. २०१९ ला पाणी पुढच्या रस्त्यापर्यंत आलं होतं पण प्लॉटवर नाही, हे तिथल्या तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारून खात्री केली. काकांनी आपल्या जुन्या डंपी लेव्हलनं, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायच्या दुर्बिणीनं, दोन तास उन्हात उभं राहून लेव्हल काढली, सत्तरी ओलांडलीय त्यांनी. प्लॉट रस्त्यापेक्षा सव्वा मीटर वर आहे.

मग मी ते ऑफिस सुटल्यावर काढायला घेतलं. घंटागाडीनं वर चढून वरनं कचरा खालच्या कंटेनरमध्ये सोडायचा असेल तर वरचा कठडा साधारण तीन मीटर उंच लागतो. भरलेली छोटी गाडी चढायची म्हणजे उतार एकास दहा धरला, म्हणजे रॅम्पच ३० मीटर. कंटेनर उचलणारी हूक लोडरची मोठी गाडी वळायला २४-२५ मीटरचा गोल लागतो. हे दोन्ही २० गुंठ्यांत बसतं, पण जेमतेम. दहा गुंठ्यांत रॅम्प बसत नाही, तिथं जमिनीवरचा पोर्टेबल कॉम्पॅक्टर घ्यावा लागेल, त्याला रॅम्प लागत नाही पण एका वेळी एकच गाडी रिकामी होते, म्हणजे परत रांग. रांग प्लॉटच्या आत उभी राहिली पाहिजे, रस्त्यावर आली की सगळं मुसळ केरात. म्हणून मी पहिल्यांदा रांगेची जागा काढली, आठ गाड्यांची, आणि मग उरलेल्यात बाकीचं बसवलं.

हिशोब साधा मांडते. घंटागाडीत अर्धा टन धरा, दाबून भरलेल्या मोठ्या कंटेनरमध्ये आठ टन. म्हणजे सोळा गाड्यांचं एक कंटेनर. समजा एका बाजूचा ५० टन कचरा असेल तर घंटागाड्या सरळ डेपोला नेल्या तर लागणाऱ्या १०० फेऱ्यांच्या जागी पुलावरनं सहा-सात फेऱ्या. पुलावरची आणि बायपासची गर्दी ज्यांना माहितीये त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

वास हा सगळ्यात मोठा मुद्दा आणि त्यात लोक बरोबर आहेत. आपला कचरा ओला, भाजीपाला, शिळं अन्न, त्यात पावसाळा, दाबला की पाणी सुटणारच. ते पाणी फरशीच्या उतारानं जाळीच्या नाल्यात, तिथनं झाकलेल्या टाकीत, आणि टाकीतनं टँकरनं ट्रीटमेंटला, गटारीत अजिबात नाही. गटारीत सोडलं की ते फिरून कृष्णेत जातं आणि सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याचं दुखणं आपल्याला पिढ्यानपिढ्या माहितीये. दुसरं म्हणजे वारा. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं येतो आणि वास पण तेव्हाच जास्त, म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला आणि ईशान्येला कोण राहतंय ते आधी बघायचं. आमच्या चौथ्या जागेच्या पूर्वेला गोडाऊनं आहेत, मग रस्ता, मग शाळा, जवळपास ३०० मीटरवर. ही शाळा मला खटकते. तिन्ही बाजूनी बंद शेड, गाड्यांची पहिली पाळी शाळा भरायच्या आधी संपवायची आणि मोठा कंटेनर शाळा सुटायच्या वेळेत बाहेर काढायचाच नाही, एवढं मी लिहिलंय, पण तरीही खटकतेच. यावर ज्यांना कळतं त्यांनी मला जरूर सांगा.

आणि एक गोष्ट जी ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. मोठी गाडी बंद पडली की काय? मी दुसऱ्या एका गावातलं असं छोटं स्टेशन बघून आले, गावाचं नाव घेत नाही. शेड छान, रंग छान, कंटेनर नवा. पण उचलणारी गाडी एकच होती आणि ती सहा दिवस गॅरेजला. सहा दिवसांचा कचरा फरशीवर, बाहेर, गेटपर्यंत, आणि शेजारचा टपरीवाला मला म्हणाला, "ताई, हे झाल्यावर दोन महिने काहीच त्रास नव्हता हो." म्हणजे स्टेशन वाईट नव्हतं, दुसरी गाडी नव्हती. लोकांची भीती खरी होते ती अशा सहा दिवसांत, आणि मग पुढच्या वीस वर्षांत त्या गावात कुणी दुसऱ्या स्टेशनला हो म्हणणार नाही. म्हणून आमच्या कागदावर पहिली अट हीच, मोठ्या गाड्या दोन आणि कंटेनर एक जास्तीचा, नाहीतर सुरूच करू नका.

ओला-सुका वेगळा आला तर यातलं निम्मं काम हलकं होतं हे मला माहितीये. आपल्याच जिल्ह्यातलं विटा २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं, शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कराड २०२० ला आलं होतं, म्हणजे इथल्या माणसांना जमत नाही असं कुणी म्हणू नये. वेगळा कचरा आला तर दोन कंटेनर वेगळे ठेवायचे आणि सुक्याच्या बाजूला वेचणाऱ्या बायकांना बसून काम करायला शेड, पंखा, टेबल. २०१६ च्या नियमातच लिहिलं होतं की कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्या.

जागेची पुढची वाट लांब आहे. विकास आराखड्यात आरक्षण काय आहे ते बघायचं, दुसरं काही असेल तर फेरबदल, मग हरकती-सूचना. या नोटिसा पेपरात अगदी बारीक अक्षरात येतात आणि आपण वाचत नाही, मग जेसीबी आला की रस्त्यावर उतरतो. मी आता रोज शेवटची पानं वाचते. तुम्ही पण वाचा, खरंच.

काल संध्याकाळी मी प्रिंट काढली, ए-वन साईजची, आणि सकाळी कोपऱ्यावर घेऊन गेले. मावशींना दाखवायची होती. गाडीच्या बॉनेटवर पसरली, चार दगड ठेवले कोपऱ्यांवर कारण वारा होता. ड्रायव्हरनं रॅम्प बघितला आणि म्हणाला उतार चालेल पण पावसात चाक घसरतंय, फरशी गुळगुळीत नको, रेघा मारा. ते मी लगेच लिहून घेतलं. मावशींना चष्मा नव्हता, मी बोटानं दाखवत गेले, हे गेट, इथं गाड्या थांबणार, ही शेड, हे काळ्या पाण्याचं टाकं. त्या सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि बायकांचं संडास कुठंय?"

काढलं होतं. रॅम्पच्या मागच्या बाजूला, शेवटच्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत. दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब? रांग सोडून कसं जायचं तिकडं, गाडी पुढं सरकली तर?"

आज ते हलवून गेटजवळ, रांगेच्या शेजारी घेतलंय. त्यासाठी एक गाडी कमी करावी लागली, आठच्या जागी सात. मंडळाच्या खोलीत येत्या रविवारी दहा वाजता सगळ्यांना दाखवणार आहे, आमच्या भागातल्यांनी यावं, प्रिंट भिंतीवर लावलेली असेल आणि शेजारी पेन पण ठेवते, ज्याला जे खटकेल त्यानं त्यावरच लिहा.